तिरंगी बोका

सरांच्या कोटाच्या उजव्या खिशात कायम सुके बोंबील असायचे, आणि सर स्वतः मासे खात नसत. शिक्षकांच्या खोलीत नवीन माणूस आला की आधी खिडकी उघडायचा, मग नमस्कार करायचा. मी भोरच्या त्या हायस्कुलात मराठी शिकवायला लागले, तेव्हा हेडमास्तरांनी मला सरांच्या शेजारची खुर्ची दिली. इतकी उजेडाची, खिडकीजवळची जागा आजवर रिकामी कशी राहिली, ते मला तासाभरात नाकानेच कळलं.

साठच्या दशकाचा शेवट होता. माझं नुकतंच लग्न झालं होतं. यजमान तालुका कचेरीत कारकून होते आणि आम्ही भोरात दोन खोल्या घेऊन राहत होतो. सासर वेल्ह्याच्या रस्त्यावरचं, विंझरचं. सासूबाई आणि मामंजी तिकडे शेती बघायचे.

बोंबील मांजरांसाठी असत. सर शास्त्र शिकवायचे. वय पन्नाशीच्या आसपास, एकटेच. चेहरा असा की ते रागावलेत की विचार करताहेत हे मुलांना कधी ओळखता आलं नाही. उन्हाळ्यातसुद्धा काखेत छत्री. रविवारी पहाटेच ते एस.टी.ने किंवा पायी निघत आणि भोर-वेल्ह्याच्या कुठल्या तरी गावात मांजरं बघत हिंडत. त्यांना तिरंगी बोका पाहायचा होता.

हे वेड काय आहे ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं. मांजराच्या अंगावर पांढरा, काळा आणि तांबूस असे तिन्ही रंग असले तर ती भाटी असते, म्हणजे मादी. काळ्याचा गुण आणि तांबूसचा गुण एकाच जातीच्या गुणसूत्रावर बसतो. मादीकडे ती गुणसूत्रं दोन असतात, म्हणून एकावर काळा आणि दुसऱ्यावर तांबूस असं जमू शकतं. बोक्याकडे ते एकच. त्यामुळे तो काळा तरी, नाहीतर तांबूस तरी. पण फार क्वचित निसर्गाच्या हातून गफलत होते आणि बोक्याकडे एक गुणसूत्र जास्तीचं येतं. तसा बोका जगात कुणीकुणी पाहिलाय, असं सरांनी पुण्याच्या एका वाचनालयात वाचलं होतं.

मी विचारलं, सापडला तर काय करणार? सर म्हणाले, “पाहणार.”

आणखी काही विचारण्याजोगं त्यात नव्हतंच.

मुलं त्यांना पाठीमागे भाटीमास्तर म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्यात काही चूक वाटत नव्हती. तिरंगी बोका दाखवणाऱ्याला आपली चार सेलची बॅटरी देईन, असं त्यांनी नसरापूरच्या बाजारात सांगून ठेवलं होतं. त्यामुळे शाळेत अधूनमधून हलणारी पोती यायची. एकदा नसरापूरचा एक चहावाला पोतं घेऊन आला आणि खरोखरच त्यातून तिरंगी बोका निघाला. सरांचा चेहरा मी त्यापूर्वी आणि त्यानंतर तसा पाहिला नाही. त्यांनी बोक्याला मांडीवर घेतलं, खिशातला बोंबील दिला, पाठीवरून हात फिरवला आणि मग आपल्या तळहाताकडे पाहिलं. तळहात गेरूने लाल झाला होता. सरांनी ओल्या फडक्याने त्याला पुसायला घेतलं, तो सुटला आणि हेडमास्तरांच्या धोतरावरून खिडकीबाहेर गेला. चहावाला खजील होऊन उभा होता. सरांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, रंग लावलास तो मात्र अगदी बरोबर जागी लावलास, तुझी नजर चांगली आहे.

पुढे पावसाळ्यात वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका धनगरवाड्यावर तसा बोका आहे अशी बातमी आली. सर चिखल तुडवत गेले. त्या धनगराने मांजराचं नाव राजा ठेवलं होतं आणि तो उंदरांचा काळ आहे म्हणून वाड्यावर त्याचं फार कौतुक होतं. सरांनी राजाला उचललं, पोट चाचपलं आणि हा येत्या आठवड्यात व्यायचा आहे असं सांगितलं. धनगर इतका नाराज झाला की सरांना जेवायला वाढलं, पण त्यांच्याशी बोलला नाही. हे सगळं सर सोमवारी मला सांगत होते ते विनोद म्हणून नव्हे. त्या माणसाला वाईट वाटलं याचं त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

त्यांची दुसरी गंमत म्हणजे ‘बहुतेक’ हा शब्द. त्याच्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे. आज बहुतेक मंगळवार आहे. घंटा बहुतेक झाली. हे माझेच जोडे असावेत बहुतेक. शिपाई त्यांची नक्कल करायचा. मीही घरी करून दाखवायचे आणि यजमान हसायचे. पुढे एका जुन्या शिक्षकांनी मला त्याचं कारण सांगितलं. पूर्वी सर मोठे ठाम होते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी एका वर्गाला जिभेची पुंगळी करून दाखवायला सांगितली होती. ज्याला येते त्याच्या आईला नाहीतर बापाला ती येतेच, घरी जाऊन बघा, असं पुस्तकात होतं तसं सांगितलं. एका मुलीने घरी जाऊन बघितलं. तिला येत होती, आई-बापांना दोघांनाही येत नव्हती. बाप मुळातच संशयी होता. दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई शाळेच्या पायरीवर येऊन बसली, गालावर वळ होता. सर त्यांच्या घरी गेले, बापाच्या पुढे हात जोडले, मी चुकीचं शिकवलं म्हणाले. आणि पुढे नव्या पुस्तकांतून कळलं की खरोखरच ते चुकीचं होतं, जिभेचं गणित इतकं सरळ नसतं. तेव्हापासून सरांनी मुलांना आपापल्या घरच्या माणसांकडे बोट दाखवायला कधी सांगितलं नाही. मांजरांकडे वळले. आणि ‘बहुतेक’ म्हणायला लागले.

हे ऐकल्यावर मी नक्कल करणं सोडलं.

मला सातवा महिना लागला तेव्हा सासूबाई भोरला आमच्याकडे राहायला आल्या. कमी बोलणारी, कामाला वाघ असलेली बाई. आल्या दिवसापासून त्यांनी मला विळीला हात लावू दिला नाही. भाजी त्या चिरणार, कांदा त्या कापणार. मला ती माया वाटली. एका सकाळी भाजी निवडता निवडता मी सहज म्हटलं, मुलगा झाला तर बारशाला कान टोचायला सोनार भोरचाच बोलवू या. सासूबाईंचा हात थांबला.

“आपल्यात पोरांचं कान टोचत न्हाईत,” त्या म्हणाल्या आणि उठून मोरीकडे गेल्या.

संध्याकाळी यजमान कचेरीतून आले तेव्हा मी त्यांचे कान पाहिले. लग्नाला वर्ष उलटून गेलं होतं, पण ते टोचलेले नाहीत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा ते मला नीरेच्या काठी घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. त्यांना एक थोरला भाऊ होता. तो लहानपणी तापाने गेला असं आमच्या घरी लग्न ठरवताना सांगितलं होतं. ताप नव्हता. बारशाला त्याचे कान टोचले तेव्हापासून रक्त थांबेना, हळद लावून, चुना लावून, कपडा बांधून थांबेना. तेव्हा तो कसाबसा वाचला. पुढे पडला, खरचटलं, की तेच. आणि दुधाचा एक दात पडला त्यात तो गेला. त्यांच्या एका मामाचंही लहानपणी असंच झालं होतं. त्यानंतर घरात कुणाच्या कानाला सुई लागली नाही. गावातली जवळची माणसंही ते न टोचलेले कान बघून विषय बदलायची.

मला आधी राग आला तो लपवल्याचा. मग राग राहिला नाही, भीतीच राहिली. पोटातलं बाळ हललं की पूर्वी मी हातातलं काम सोडून हसायचे. आता हललं की मोजत बसायचे, मुलगा असेल की मुलगी. मला मुलगी व्हावी म्हणून मी देवाला हात जोडले, आणि त्या काळात आमच्यासारख्या घरात असं मागणारी मी एकटीच असेन.

सरांना मी सांगणार नव्हते. त्यांनीच मधल्या सुट्टीत विचारलं, बाई, आपली तब्येत बहुतेक बरी नाही. मग मला राहवलं नाही. सगळं ऐकून घेताना सर छत्रीच्या मुठीकडे पाहत होते. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. त्या भावाचे गुडघे सुजायचे का? तो मामा म्हणजे यजमानांच्या आईचा सख्खा भाऊ, की वडलांकडचा कुणी? घरातल्या कुणा बाईला असं कधी झालं का? मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी यजमानांना विचारून आले. गुडघे मडक्यासारखे सुजायचे. मामा आईचा सख्खा भाऊ. बायकांत कुणाला नाही. माझ्या माहेरी तर कुणालाच नाही.

“आणि यजमानांना स्वतःला? दाढी करताना कापलं तर?”

मी सांगितलं, ते रोजच कापून घेतात आणि तुरटी फिरवून कचेरीत जातात.

सरांनी नुसती मान हलवली. मला सोमवारपर्यंत थांबा म्हणाले. त्या रविवारी ते मांजरांसाठी गेले नाहीत. पुण्याला गेले. त्यांच्या बरोबर कॉलेजात शिकलेला एक जण तिथे मोठा डॉक्टर झाला होता, त्याच्यापुढे त्यांनी हे सगळं मांडलं. सोमवारी ते शाळेत माझ्या आधी येऊन बसले होते.

“बाई,” ते म्हणाले, “मुलगा झाला तरी त्याला हे होणार नाही.”

मी वाट पाहत राहिले. पुढचा शब्द आलाच नाही. ‘बहुतेक’ म्हटलं नव्हतं त्यांनी. त्या एका न आलेल्या शब्दाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण मला तोवर काहीच समजलेलं नव्हतं, फक्त एवढंच समजलं होतं.

समजावलं त्यांनी मागाहून. रक्त गोठवणारा गुण त्याच गुणसूत्रावर असतो ज्याची मांजरांच्या रंगासाठी ते रोज कथा सांगत. कंदील समजा, म्हणाले. बाईकडे दोन कंदील, पुरुषाकडे एक. एकाची काच फुटकी असली तरी बाईच्या घरात उजेड असतो, दुसरा आहे ना. तिला कळतही नाही. पुरुषाच्या वाट्याला फुटका आला तर अंधारच. तुमच्या थोरल्या दिरांच्या वाट्याला फुटका आला. तुमच्या यजमानांचा कंदील नीट पेटलाय, म्हणजे त्यांच्याकडे चांगलाच आला. फुटका त्यांच्याकडे नाहीच, तर ते पुढे देणार कुठून? शिवाय मुलगा झाला तर बाप त्याला तो कंदील देतच नाही, मुलाला तो आईकडून मिळतो. म्हणजे तुमच्याकडून. तुमच्या माहेरी असं काही नाही. ते तुमच्या घरी येताना उंबऱ्याबाहेरच थांबलंय, बाई.

मी घरी गेले आणि यजमानांना सांगितलं. ते भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, हे आईला कसं सांगायचं? कारण आता गोष्ट उघड होती. ते आलं होतं सासूबाईंकडून. आणि तेव्हाच त्यांनी मला विळीचं सांगितलं. थोरला पोटात असताना ग्रहणात सासूबाईंनी भाजी चिरली होती. त्यांच्या सासूने तेव्हाही बोलून दाखवलं आणि मूल गेल्यावर तर जन्मभर. आपल्या हाताने आपण मूल कापलं, असं त्या इतकी वर्षं मनात धरून होत्या. माझ्या हातून विळी काढून घेत होत्या ती त्यासाठी.

सरांना मी घरी चहाला बोलावलं. वाटेत त्यांना विळीचं सांगितलं तेव्हा ते नको म्हणून परत फिरायला निघाले होते. बायकांना घरच्या माणसांसमोर असं काही सांगण्याची मला धास्ती वाटते, म्हणाले. ती पायरीवर बसलेली बाई त्यांच्या डोळ्यांसमोर असणार. पण आले. ओट्यावर पाटावर बसले. सासूबाई आतल्या दाराशी पदर घेऊन बसल्या. सर कंदिलापर्यंत पोचले, आणि सासूबाईंनी त्यांना मधेच थांबवलं.

“मास्तर, येवढं कंदिलाचं मला न्हाई उमजत. माज्यामुळं झालं का न्हाई, तेवढं सांगा.”

सरांनी काखेतली छत्री खाली ठेवली.

“तुमच्याकडून आलं,” ते म्हणाले. “तुमच्यामुळं झालं नाही.”

“गिराण व्हतं. म्या गवार चिरली.”

“तुमच्या भावाच्या वेळी कुणी चिरली होती?”

सासूबाईंनी विचार केला. “आईनं बी चिरली आसंल,” म्हणाल्या.

माझी आशा संपली. सरांनी मात्र पाट थोडा पुढे सरकवला. ओळखीच्या रानात आल्यासारखे दिसायला लागले. विंझरच्या घरात मांजरं आहेत का, त्यांनी विचारलं. हायेत की चार, सासूबाई म्हणाल्या. त्यांत तिरंगी? दोन. बोका की भाटी? भाटीच, मास्तर, तिरंगी मांजर भाटीच आसती. माहेरी? तिथंबी तसंच. शेजारी? तसंच. कधी एकदा तरी तिरंगी बोका पाहिला? सासूबाईंनी अगदी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं आणि न्हाई म्हणाल्या.

“या गावात भाटी, त्या गावात भाटी. ग्रहण असो नसो, दर पिढीला भाटीच. मग त्या सगळ्या मांजरींनी ग्रहणात काय चिरलं?”

सासूबाई हसल्या. लग्न झाल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. तोंडावर हात ठेवून हसल्या आणि तो हात तसाच ठेवून रडल्या. यजमान उठायला लागले, सरांनी त्यांना हाताने खाली बसवलं. मग सासूबाईंनी डोळे पुसून आपल्या लेकीचं विचारलं, माझ्या नणंदेचं. ती शिवऱ्याला दिली होती आणि तिला एक मुलगी होती. तिथे सर पुन्हा बहुतेकवर आले. तिच्याकडे कुठला कंदील गेलाय ते मला सांगता येत नाही, म्हणाले, खोटं सांगणार नाही. सासूबाईंनी मान हलवली. नणंदेला पुढे आणखी एक मुलगीच झाली, त्यामुळे ते कधी कळलं नाही, आणि त्याचा विचार आला की अजूनही माझ्या मनात थोडं गलबलतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी विळी माझ्याकडे सरकवली.

मला मुलगा झाला. बारसं भोरलाच केलं, कान टोचले नाहीत, कुणी विषयही काढला नाही. थंडीत आम्ही बाळाला घेऊन विंझरला गेलो, तेव्हा सासूबाईंनीच एका संध्याकाळी जाहीर केलं, उद्या सोनार येणाराय. नसरापूरच्या सोनाराला त्या परस्पर निरोप देऊन बसल्या होत्या. मामंजी चिडले. यजमान माझ्याकडे पाहायला लागले. आणि जिला ‘होणार नाही’ हे वाक्य तोंडपाठ होतं, त्या मीच बाळाला उचलून घट्ट धरलं. सासूबाई एकच बोलल्या, या घराची पोरं कानावरनं वळकतात ते आता पुरं झालं. फक्त मास्तरांना बोलवा.

सर सकाळच्या एस.टी.ने आले. त्यांनी सासूबाईंना सांगून पाहिलं की टोचायची काही गरज नाही, न टोचलेल्या कानाने काही बिघडत नाही. सासूबाईंनी त्यांना चहा दिला आणि बाळाला मांडीवर घेतलं. सोनाराने सोन्याची तार काढली. तो म्हातारा होता, थोरल्याचे कान टोचणारा त्याचाच बाप. सासूबाईंनी बाळाचं डोकं आपल्या छातीशी धरलं आणि स्वतः डोळे उघडे ठेवले. मी मिटले.

बाळाने टाहो फोडला. मी डोळे उघडले तेव्हा कानाच्या पाळीवर रक्ताचा एक थेंब होता. सासूबाईंनी तो पांढऱ्या फडक्याने टिपला. दुसरा आला, पहिल्यापेक्षा लहान. तोही टिपला. मग आम्ही सगळे त्या इवल्याशा कानाकडे पाहत राहिलो. सोनार, मामंजी, यजमान, दारात गोळा झालेल्या चार आयाबाया. बाळ रडायचं थांबलं, उचकी देऊन दूध शोधायला लागलं. फडकं पुन्हा लावलं ते कोरडं निघालं. सासूबाईंनी ते उजेडात धरून उलटसुलट पाहिलं, घडी केली, आणि सोनाराला म्हणाल्या, आता दुसरा.

दुसराही झाला. मग माझ्या लक्षात आलं की सर खोलीत नाहीत.

ते बाहेर गोठ्याच्या पलीकडे, घराकडे पाठ करून बांधावर बसले होते. छत्री मांडीवर आडवी धरली होती.

“झालं?” त्यांनी मागे न बघता विचारलं.

“दोन्ही झाले.”

“थांबलं?”

“लगेच.”

सरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

“मला शंका नव्हती, बाई,” ते म्हणाले. “मी हे वर्गात किती वर्षं शिकवतोय. पण फळ्यावर काढलेल्या माणसाला रक्त येत नाही. माझ्या शब्दावर कुणी खरं मूल पुढं केलं नव्हतं आजवर.”

मी त्यांच्या शेजारी बांधावर बसले. ऊन आता अंगाला लागायला लागलं होतं. घरातून बायकांचे आवाज येत होते, भांडी वाजत होती. थोड्या वेळाने सासूबाई बाळाला खांद्यावर घेऊन स्वतःच बाहेर आल्या. सर गडबडून उठले. सासूबाईंनी काही न विचारता बाळ त्यांच्या हातात दिलं आणि पुरणाचं बघायला आत निघून गेल्या. सर त्याला कसं धरावं ते न कळून दोन्ही हात पुढे ताठ करून उभे राहिले, आणि झोपलेल्या बाळाचा कान उन्हात लालसर, कोरडा, पारदर्शक दिसत होता.